मंद आचेवरचं तळण : व्हिएतनामचे तिळाचे गोळे आणि इतर खाऊ



मागच्या महिन्यात आपण पापड-कुरडयांवर बोललो. तेव्हा दोन-तीन गटांतून एकच विचारणा झाली. मोबाईलवर ते तिळात घोळलेले, फुग्यासारखे टम्म फुगलेले गोळे दिसतात, ते कुठले? घरी करता येतील का? आणि जत्रेत मांडले तर चालतील का? आज त्याचंच उत्तर द्यायचं आहे. पण पाककृतीच्या आधी आमच्या गटात काय घडलं ते सांगू, कारण ते ऐकल्याशिवाय कुणी कढई चढवू नये असं आम्हाला वाटतं.

आमच्या एका ताईंची मुलगी पुण्यात स्वयंपाकाचं शिक्षण घेते. ती सुट्टीला आली, तेव्हा चिकट तांदळाच्या पिठाची दोन पाकिटं घेऊन आली. म्हणाली, हा व्हिएतनामचा खाऊ आहे, आपल्या तळणीच्या मोदकाचाच भाऊ. आम्ही दहा-बाराजणी जमलो. वडे, भजी, शेव, चकली यांत आमचा हात बसलेला. आम्हाला वाटलं, तळणच तर आहे. तेल चांगलं कडकडीत तापवलं आणि गोळे सोडले. दोन मिनिटांत तांबूस झाले. आम्ही खूश. तेवढ्यात एक गोळा फट्‌ करून फुटला, मागोमाग दुसरा. उकळतं तेल कढईबाहेर उडालं आणि कढईजवळच्या ताईंच्या मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला.

पंधरा दिवस त्या मजुरीला जाऊ शकल्या नाहीत. गटाच्या निधीतून औषधाचे पैसे दिले, पण बुडालेली मजुरी कोण देणार? घरचेही बोलले, "नको ते उद्योग कशाला?" पुढच्या बैठकीत हा विषयच बंद करावा असं ठरत होतं. तेव्हा त्या ताईच म्हणाल्या, "हात माझा भाजलाय. तो का भाजला एवढं तरी मला कळू द्या."

मग आम्ही नीट शोध घेतला, विचारलं, पुन्हा करून पाहिलं. जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सामान ओळखीचंच

व्हिएतनाम हा आपल्या पूर्वेला, समुद्रकाठी लांबच लांब पसरलेला देश. उत्तरेला लाल नदीचं खोरं, दक्षिणेला मेकाँग नदीचं. दोन्हीकडे भातशेती. मेकाँगच्या मुखाजवळचा बेन त्रे हा भाग नारळासाठी प्रसिद्ध. म्हणजे भात, नारळ, मूग, तीळ, केळी, रताळी, ऊस. आपल्या कोकणातल्या घरात जे असतं, जवळजवळ तेच तिथल्या घरात.

तिथला तळलेला खाऊ घरी होतो, तसा रस्त्यावरही विकला जातो, आणि विकणाऱ्यांत बायका पुष्कळ. खांद्यावर बांबूची कावड, दोन्ही टोकांना टोपल्या. एका टोपलीत खाऊ, दुसरीत चूल किंवा भांडी. खेड्यातल्या कितीतरी बाया असा माल घेऊन हनोईसारख्या शहरात फिरतात आणि घर चालवतात. तिथेही बायकांची मोठी संघटना आहे, व्हिएतनाम महिला संघ. तिची स्थापना २० ऑक्टोबर १९३० ची. आजही तो दिवस तिथे महिलांचा दिवस म्हणून साजरा होतो. त्या संघामार्फत गावोगावी बचत आणि कर्जाचे गट चालतात. म्हणजे आपल्यासारख्याच गटवाल्या बाया तिथेही आहेत.

ज्या गोळ्यांविषयी तुम्ही विचारलंत, त्यांना तिथे दक्षिणेत 'बान्ह काम' म्हणतात. 'काम' म्हणजे संत्रं. आकार आणि रंग संत्र्यासारखा म्हणून हे नाव. उत्तरेत त्यालाच 'बान्ह रान' म्हणतात, म्हणजे तळलेला खाऊ. उत्तरेकडच्या चांगल्या गोळ्याची खूण अशी की तो कानाजवळ धरून हलवला तर आतलं सारण खुळखुळतं. वरचं कवच फुगून सारणापासून सुटं झालेलं असतं.

साधी तांदळाची पिठी का चालत नाही

पहिला प्रश्न हाच येतो, की आपली पिठी वापरली तर? त्याचं उत्तर भाकरीत आहे. जुन्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना कडेला चिरा पडतात. पीठ एकमेकांना धरून राहत नाही. साध्या तांदळाच्या पिठीचं तेच आहे. म्हणून तर मोदकाला आपण उकड काढतो.

तांदळात पिष्ट असतं, म्हणजे स्टार्च. ते दोन प्रकारचं. एक शिजल्यावर मोकळं राहतं आणि थंड झालं की कडक होतं. दुसरं शिजल्यावर चिकटतं आणि रबरासारखं ताणलं जातं. आपल्या रोजच्या तांदळात दोन्ही असतात. चिकट तांदळात पहिला प्रकार जवळजवळ नसतोच. व्हिएतनामी लोक या तांदळाला 'नेप' म्हणतात. आपल्या देशात आसामचा बोरा आणि मणिपूरचा काळा चाखाओ हे अशा चिकट जातीचे तांदूळ. आपला आंबेमोहोर किंवा इंद्रायणी मऊ आणि थोडा चिकट होतो, पण एवढा नाही.

चिकट पिठाचं कवच गरम झालं की ताणतं. आत वाफ झाली की फुग्यासारखं फुगतं. साध्या पिठीचं कवच ताणत नाही, तडकतं. म्हणून या गोळ्यांना चिकट तांदळाचंच पीठ लागतं. शहरात पूर्वेकडच्या देशांचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत ते मिळतं. अख्खा चिकट तांदूळ मिळाला तर रात्रभर भिजवा, पाण्यासकट बारीक वाटा आणि फडक्यात बांधून टांगून पाणी निथळू द्या. व्हिएतनाममधल्या जुन्या बायका असंच ओलं पीठ करत आल्या आहेत. अनारशाच्या पिठाची सवय असलेल्या हातांना ते अवघड नाही.

तिळाचे गोळे : सामान आणि कृती

हे माप १६ गोळ्यांचं आहे. वाटीचा अंदाज चुकतो म्हणून काट्यावर मोजा.

पारीसाठी : चिकट तांदळाचं पीठ २०० ग्रॅम, साधी तांदळाची पिठी ३० ग्रॅम, उकडून कुस्करलेला बटाटा ५० ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि साधारण १३० ते १५० मिलिलिटर गरम पाणी. ओलं पीठ वापरलंत तर पाणी बरंच कमी लागेल, ते शेवटी थोडं थोडं घाला. सारणासाठी : सालं काढलेली मुगाची डाळ १०० ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, चिमूटभर मीठ, आवडत असेल तर दोन चमचे खवलेला नारळ. वरून लावायला पांढरे तीळ, आणि तळायला तेल.

आधी सारण. मुगाची डाळ तीन-चार तास भिजवा. पाण्यात शिजवू नका, ढोकळ्यासारखी वाफवा. कुकरमध्ये पाण्यात शिजवलेली डाळ पातळ होते आणि पातळ सारण हे गोळा फुटण्याचं पहिलं कारण. वाफवलेली डाळ गरम असतानाच घोटा. कढईत साखर, मीठ, नारळ घालून मंद आचेवर परता. उलथनं फिरवलं की कढईचा तळ दिसला पाहिजे आणि गोळा वळला पाहिजे. पुरणासारखंच, पण पुरणापेक्षा थोडं कोरडं. थंड करून १५-१५ ग्रॅमच्या १६ गोळ्या वळा, म्हणजे लहान लिंबाएवढ्या.

आता पारी. गरम पाण्यात साखर आणि मीठ पूर्ण विरघळवा. खडा राहिला तर तळताना तिथे काळा डाग पडतो. दोन्ही पिठं आणि बटाटा एकत्र करून त्यात हे पाणी थोडं थोडं घाला. बटाट्यामुळे कवच जास्त वेळ मऊ राहतं. आठ-दहा मिनिटं चांगलं मळा. मग ओल्या फडक्याखाली निदान तासभर ठेवा. पिठाचा प्रत्येक कण पाणी प्यायला पाहिजे. घाई केली तर आत कोरडे कण राहतात आणि पारी तिथे तडकते. तासाभराने लहानसा गोळा चपटा करून बघा. कडेला चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

३० ग्रॅमचा गोळा घेऊन वाटी करा, मध्ये सारण ठेवा आणि तोंड बंद करा. सारण आणि पारी यांच्यामध्ये हवा कोंडू देऊ नका. बोटांनी दाबत दाबत हवा बाहेर काढा आणि मगच तोंड मिटा. पारी सगळीकडे सारखी जाड हवी. मोदकाला शेंडी ठेवतो, इथे शेंडी ठेवायची नाही. हातावर गोल फिरवून सांधा पूर्ण मिटवा. मग गोळा पाण्याच्या हाताने ओलसर करून तिळात घोळवा आणि तळहातावर हलकेच दाबून फिरवा, म्हणजे तीळ तेलात सुटत नाहीत. तेलात सुटलेले तीळ जळतात आणि सगळं तेल कडू करतात.

आमची चूक कुठे झाली

आता तळणाकडे येऊ. आमच्या ताईंचा हात इथेच भाजला.

वडा आपण तापलेल्या तेलात सोडतो. वड्याचं कवच सच्छिद्र असतं. आतली वाफ बुडबुड्यांच्या रूपात सतत बाहेर पडत राहते. चिकट पिठाचं कवच तसं नाही. ते सगळीकडून बंद. तेल कडक असलं तर बाहेरची बाजू दोन मिनिटांत तांबूस आणि टणक होते. आतलं पीठ आणि सारण मात्र अजून तापतच असतं. पुढे त्यातल्या पाण्याची वाफ झाली की तिला जागा लागते. टणक कवच ताणत नाही, वाफेला वाट मिळत नाही, मग गोळा फुटतो. शिट्टी अडकलेल्या कुकरसारखंच हे.

म्हणून आच मंद ठेवायची. तेल गोळे पूर्ण बुडून वर तरंगतील एवढं घ्या, पण कढई अर्ध्याहून जास्त भरू नका. मंद आचेवर तापवा. पिठाचा हरभऱ्याएवढा तुकडा टाकून बघा. तो लगेच तडतडून वर आला तर तेल जास्त तापलंय, गॅस बंद करून थांबा. तुकडा तळाला बसला, त्याच्या भोवती बारीक बुडबुडे आले आणि तो सावकाश वर आला, तर तेल बरोबर. व्हिएतनामी बाया जेवायची लाकडी काडी तेलात उभी धरतात. काडीभोवती बारीक बुडबुडे दिसले की त्यांना कळतं.

एका वेळी चार-पाचच गोळे सोडा. ते तळाला बसतील. दोन मिनिटं तसेच राहू द्या, मग झाऱ्याने हलकेच हलवा, म्हणजे तळाला चिकटणार नाहीत. पाच-सहा मिनिटांनी ते आपोआप वर येतील. तिथून पुढे झारा सतत गोल फिरवत राहा, म्हणजे गोळे सगळ्या बाजूंनी सारखे तापतात. मऊ असताना झाऱ्याच्या पाठीने अगदी हलका दाब देत फिरवले तर ते छान फुगतात. या सगळ्या वेळात आच मंदच. सोनेरी रंग आला की शेवटची एक-दोन मिनिटं आच थोडी वाढवा. त्याने कवच पक्कं होतं. लवकर काढलेला गोळा बाहेर आल्यावर बसतो. एक घाणा बारा ते पंधरा मिनिटांचा. पुढचा घाणा सोडण्याआधी तेल पुन्हा निवू द्या. आपण हे विसरतो आणि दुसऱ्या घाण्याला गोळे फुटतात.

दक्षिणेत यावर साखरेचा किंवा गुळाचा पाक ओततात. करायचं असेल तर गूळ आणि थोडं पाणी उकळून दाट पाक करा आणि निवलेल्या गोळ्यांवर चमच्याने सोडा.

कढईजवळचे नियम

आमच्या गटाने काही नियम लिहून चुलीजवळ चिकटवले आहेत. तुम्हीही लिहून घ्या.

पदर खोचलेला, केस बांधलेले, अंगावर सुती कपडे. लांब दांड्याचा झारा. कढईच्या हाताभर अंतरात लहान मूल नको. कढईवर वाकून बघायचं नाही. कढईपेक्षा मोठं झाकण हाताशी ठेवायचं. फट्‌ असा आवाज आला किंवा एखादा गोळा एकीकडे फार फुगला तर गॅस बंद करायचा, झाकण ढालीसारखं पुढे धरायचं आणि मागे सरकायचं. तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही ओतायचं नाही. गॅस बंद करून कढईवर झाकण घालायचं आणि ती निवेपर्यंत हात लावायचा नाही.

आणि भाजलंच तर? आमच्या ताईंच्या हाताला कुणी हळद लावली, कुणी दंतमंजनाची पेस्ट लावली. दवाखान्यात ती काढताना त्यांना भाजल्यापेक्षा जास्त त्रास झाला. भाजलेला भाग लगेच साध्या थंड पाण्याच्या धारेखाली २० मिनिटं धरायचा. नळ नसेल तर तांब्याने सतत पाणी ओतायचं. बर्फ नको, तूप नको, शाई नको, हळद नको. सूज यायच्या आधी बांगड्या आणि अंगठ्या काढायच्या. फोड फोडायचे नाहीत. स्वच्छ, मोकळं फडकं झाकून प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. हात, तोंड किंवा सांध्यावर भाजलं असेल, भाग तळव्यापेक्षा मोठा असेल किंवा भाजलेलं मूल असेल, तर अजिबात वाट बघायची नाही.

सोपं हवं असेल तर केळी आणि रताळी

चिकट पीठ मिळालं नाही तरी हरकत नाही. व्हिएतनाममधलं बरंच तळण आपल्या साध्या पिठीवरच होतं.

पहिलं तळलेलं केळं, 'चुओई चिएन'. तिथे यासाठी आखूड आणि जाड केळी घेतात. पिकलेलं, पण घट्ट केळं हवं. सोलून दोन पोळपाटांमध्ये प्लास्टिकच्या कागदात ठेवून हलकेच दाबायचं, म्हणजे पंख्यासारखं चपटं होतं. सहा ते आठ केळ्यांना तांदळाची पिठी १५० ग्रॅम, मैदा ५० ग्रॅम, दोन चमचे साखर, मीठ आणि हळद चिमूट चिमूट, एक चमचा तीळ. त्यात १०० मिलिलिटर नारळाचं दूध आणि लागेल तसं पाणी घालून भज्यांपेक्षा किंचित पातळ पीठ कालवा आणि अर्धा तास ठेवा. केळं बुडवून मध्यम तापलेल्या तेलात तळा. काढून पाच मिनिटं ठेवा, मग तेल थोडं जास्त तापवून पुन्हा मिनिटभर तळा. दोनदा तळलं की कुरकुरीतपणा टिकतो. कुरकुरीत व्हावं म्हणून तिथल्या बायका पिठात चुन्याची निवळीही घालतात. आपण कोहळ्याच्या वड्यांना चुन्याचं पाणी वापरतो, तसंच. खायचाच चुना घ्यायचा, पाण्यात कालवून तो खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी चमचाभरच घालायचं.

दुसरं रताळ्याचं. हनोईत थंडीच्या दिवसांत पदपथावर कढया लागतात. त्यात केळ्याची आणि रताळ्याची भजी तळतात. रताळं सोलून लांब काड्या किंवा पातळ काप करा, मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, पुसून कोरडे करा आणि केळ्यासाठी सांगितलेल्याच, पण जरा दाट पिठात घोळवा. झाऱ्यावर पसरून अलगद तेलात सोडा. हनोईत पश्चिम तळं नावाचं मोठं तळं आहे. तिथला 'बान्ह तोम' प्रसिद्ध आहे. त्यात पिठातल्या रताळ्याच्या काड्यांवर कोळंबी ठेवून तळतात. किनारपट्टीवरच्या मैत्रिणींना हे करून बघता येईल.

तिखटामिठाचं हवं तर 'बान्ह गोय', म्हणजे उशीचा खाऊ. बघाल तर चक्क आपली करंजी. मैद्याची पारी, अर्धचंद्र आकार, मुरड घातलेली कड. आत मात्र मांस, अळिंबी आणि शेवया. शाकाहारी घरात अळिंबी, गाजर, कोबी आणि भिजवलेल्या शेवया परतून कोरड्या करून भरता येतात. आणखी एक म्हणजे तळलेल्या सुरळ्या. दक्षिणेत 'चा यो', उत्तरेत 'नेम रान'. त्यांना लागणारा तांदळाचा पातळ कागद तिथे कापडावर वाफवून, बांबूच्या चटईवर उन्हात वाळवतात. आपल्या सालपापडीची आठवण यावी असंच ते काम.

आणि खायची पद्धत ऐका. तिखटामिठाचं तळलेलं ते नुसतं खात नाहीत. लेट्यूसच्या पानात तुकडा ठेवतात, पुदिना आणि इतर हिरवा पाला घालतात, गुंडाळतात आणि आंबट-गोड-तिखट पाण्यात बुडवून खातात. सोबत कच्च्या पपईच्या किंवा गाजराच्या आंबवलेल्या फोडी. ते पाणी माशाच्या खारट सॉसचं करतात. आपण लिंबू, साखर, मीठ, लसूण, मिरची आणि पाणी एवढ्यावर करू शकतो. दोन तुकड्यांत समाधान होतं आणि पालाही पोटात जातो. तळणाचं ताट मांडताना ही सवय उचलण्यासारखी आहे.

तेलाचा हिशेब

एकदा वापरलेलं तेल आपण टाकत नाही, हे खरं. पण किती वेळा वापरायचं याला मर्यादा आहे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात शरीराला अपायकारक घटक वाढत जातात. आपल्या देशात १ जुलै २०१८ पासून नियम आहे, की असे घटक २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल खाद्यपदार्थांसाठी वापरायचं नाही. घरी ते मोजता येत नाही, म्हणून साधा सल्ला असा की एकच तेल तीनपेक्षा जास्त वेळा वापरू नका. तेल निवलं की लगेच फडक्यातून गाळा. तीळ आणि पिठाचे कण राहिले तर ते लवकर खराब होतं. काळं पडलं, दाट झालं, फेस येऊन बसेना किंवा तापवताना लवकर धूर येऊ लागला तर ते बाद. मोरीत ओतू नका. बाटलीत साठवून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यांना द्या.

विकायचं का?

आता शेवटचा आणि गटांच्या कामाचा प्रश्न. आमचं मत स्पष्ट सांगतो. तिळाचे गोळे प्रदर्शनात पाकिटात भरून विकायचा माल नाही. सकाळी तळलेला गोळा संध्याकाळपर्यंत चांगला. दुसऱ्या दिवशी कवच चिवट होतं. चकली, शंकरपाळ्यासारखं ते टिकत नाही. पीठ शहरातून आणायचं आणि एका घाण्याला पंधरा मिनिटं. जत्रेच्या गर्दीत कुणी "लवकर द्या" म्हणालं की हात गॅसच्या बटणाकडे जातो, आणि तिथेच धोका आहे. म्हणून हे फक्त ऑर्डरप्रमाणे, सण-समारंभाला, शांतपणे करायचं काम.

जत्रेत किंवा बाजारात केळ्याची आणि रताळ्याची भजी बरी. सामान घरचं, तळण झटपट, फुटण्याची भीती नाही. सुरुवात तिथून करा. पण भाव ठरवण्याआधी एकदा पूर्ण हिशेब मांडा. तेल तळणाच्या आधी आणि नंतर काट्यावर मोजा, म्हणजे किती आटलं ते कळेल. गॅस मोजा. कागद, द्रोण, जायचं-यायचं भाडं धरा. आणि प्रत्येकीच्या कामाचे तास मांडून त्याला गावातल्या मजुरीचा दर लावा. गटाच्या हिशेबात आपण नेहमी हाच रकाना रिकामा सोडतो आणि मग नफा झाला असं म्हणतो. अन्न विकायचं तर अन्न सुरक्षेची नोंदणीही करून घ्या. आणि नफ्यातला थोडा भाग औषधपाण्यासाठी बाजूला ठेवा. आम्ही ते त्या अपघातानंतर सुरू केलं.

आमच्या ताईंचा हात आता बरा आहे, डाग मात्र राहिला. दोन महिन्यांनी त्यांनीच पुन्हा कढई चढवली. यावेळी आम्ही सगळ्या मागे उभ्या होतो आणि मध्येच कुणीतरी म्हणालं, "आच जरा वाढवा की, किती वेळ!" त्या म्हणाल्या, "बसा गप्प." चौदाव्या मिनिटाला सगळे गोळे सोनेरी होऊन कढईत गरगर फिरत होते. एकही फुटला नाही. निवल्यावर त्यांनी एक उचलून कानाशी धरला, हलवला आणि आम्हाला ऐकायला दिला. आतलं सारण खुळखुळत होतं.

आता आमच्या गटात नवीन मुलीला तळण शिकवायचं काम त्यांच्याकडे आहे. पहिला धडा त्या तेलाचा देत नाहीत. स्वतःचा हात दाखवतात आणि सांगतात, "हे कशामुळे झालं, ते आधी सांग. मग झारा हातात घे."

तुमच्या गटात करून बघाल तेव्हा कळवा. काय जमलं आणि काय फसलं, दोन्ही लिहा. फसलेलं आधी लिहा, त्याचा दुसऱ्या गटांना जास्त उपयोग होईल. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.